पायलट व्हायचंय? फी विचारण्याआधी थांबण्याचा काळ मोजा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या हायर सेकंडरीत आईवडिलांची ये-जा वाढते. इंजिनियरिंग, फार्मसी, नर्सिंग यांच्या चौकशा जुन्याच. अलीकडे त्यांत पायलटची भर पडली आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, आणि पेडणे, डिचोली, बार्देशच्या मुलांना विमान एकदम घरचं वाटू लागलं. मुरगाव, वास्कोची मुलं तर दाबोळीवरून उठणारी नौदलाची विमानं पाहतच मोठी होतात. मी फिजिक्स शिकवतो म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "सर, एकूण खर्च किती?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न असा हवा: आज पैसे भरले तर पहिला पगार हातात पडेपर्यंत किती महिने जातील, आणि तेवढे महिने आपलं घर निभावून नेईल का? पायलट होण्याचे चार-पाच रस्ते आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर परीक्षा जवळपास त्याच, विमानंही थोड्याफार फरकाने तीच. फरक आहे तो कुठे आणि किती थांबावं लागतं यात. ते समजलं की रस्ता निवडणं बरंच सोपं होतं.

आधी लायसन्स म्हणजे नेमकं काय ते पाहू. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सगळे ज्याला सीपीएल म्हणतात ते, भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. बोलताना सगळे त्याला डीजीसीएच म्हणतात. वय किमान १८ हवं आणि बारावीला फिजिक्स व गणित हवं. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या मुलांसाठी ही अट काढण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली. पण चर्चेच्या भरवशावर वर्ष घालवू नका. हे दोन विषय एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात आणि अनेक पायलटांनी तसे दिलेले आहेत.

त्यापुढे २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन केलेले हवेत. या शंभरात २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी केलेल्या लांब उड्डाणांचे, आणि त्यांत एक सफर किमान ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून थोडी जास्त. वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. शिवाय ५ तास रात्रीचं उड्डाण आणि १० तास केवळ उपकरणांकडे पाहून केलेलं उड्डाण. लेखी पेपर हवाई मार्गदर्शन (नॅव्हिगेशन), हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती यांचे. प्रत्येकात ७० टक्के मिळाले तर पास. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खातं घेत असे. २०२५ च्या सुरुवातीला लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे सोपवली.

एवढं सगळं झाल्यावर हातात येतं ते लायसन्स. नोकरी तिथून आणखी काही पायऱ्या वर आहे. ते पुढे येईलच.

पैसे भरण्याआधी डॉक्टर

एक गोष्ट मी हट्टाने सांगतो. कुठल्याही संस्थेला एक रुपया देण्याआधी वैद्यकीय तपासणी पूर्ण करा. आधी क्लास टू, म्हणजे प्राथमिक तपासणी, मग क्लास वन, म्हणजे सीपीएलसाठी लागणारी सखोल तपासणी. क्लास टू डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे होते. पहिल्या क्लास वनसाठी मात्र ठरावीक केंद्रांवरच जावं लागतं. हवाई दलाच्या केंद्रांपैकी गोव्याला सोयीचं म्हणजे बेंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. तिथली तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून बारावीची परीक्षा संपल्या संपल्या अर्ज करावा.

चष्मा असला म्हणजे संपलं, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. तो चुकीचा आहे. चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असेल तर नागरी पायलट होता येतं, आज अनेक कॅप्टन चष्मा लावूनच विमान चालवतात. खरी अडचण रंगांची असते. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसला नाही तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं, आणि रंग ओळखण्यातला हा दोष बहुतेकांना स्वतःला माहीतच नसतो, कारण रोजच्या जगण्यात तो कुठे आडवा येत नाही. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याच्या घरच्यांनी संस्थेच्या आग्रहाखातर आधी पहिला हप्ता भरला आणि तपासणी नंतर केली. दोष निघाला. पैसे परत मिळवता मिळवता त्याचं वर्ष गेलं. म्हापशात किंवा फोंड्यात कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे ही चाचणी काही मिनिटांत होते. अकरावीतच करून घ्या.

क्लास वनमध्ये कधी कधी 'तात्पुरता अपात्र' असा शेरा येतो. कारण वजन असतं, रक्तदाब असतो, नाकातलं वाढलेलं हाड असतं. बहुतेक वेळा हे दुरुस्त होतं, पण काही महिने जातात. पैसे भरलेले नसतील तर या महिन्यांचा काही खर्च पडत नाही. कर्ज चालू असेल तर त्यांचं व्याज भरावं लागतं.

दोनशे तास कुठे उडायचे?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. गोव्यातल्या मुलाला हे दोनशे तास बाहेर राहूनच पूर्ण करावे लागतात. सगळ्यांत जवळचं ठिकाण बेळगाव. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने काही विमानतळांवर उड्डाण प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या, त्यांत सांबऱ्याचा बेळगाव विमानतळ होता. साखळीहून चोर्ला घाट चढलं की पोचलो. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर ही नावं ऐकू येतात. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. हा क्लब १९२८ चा, आणि १९२९ मध्ये भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळवणारे जेआरडी टाटा याच क्लबात शिकले. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. माझ्या मते ज्याची तयारी आहे त्याने ही परीक्षा द्यावीच.

देशात प्रशिक्षण घेतलं तर आज साधारण पन्नास ते सत्तर लाखांच्या घरात खर्च जातो. राहणं, खाणं, परीक्षा, तपासण्या धरून. जाहिरातीत आकडा कमी दिसला तर त्यात काय काय धरलेलं नाही ते विचारा. दोन इंजिनांच्या विमानावरचे तास आणि उपकरणांच्या आधारे उडण्याचं प्रमाणपत्र या दोन गोष्टी बऱ्याचदा बाजूला ठेवलेल्या असतात. एअरलाइनमध्ये जायचं तर दोन्ही लागतात.

पण फीपेक्षा मोठा प्रश्न विमानांचा आहे. एक हिशेब करून दाखवतो. समजा एका संस्थेकडे दहा विमानं आहेत. त्यांतली तीन कायम दुरुस्तीत किंवा सुट्या भागांची वाट पाहत उभी, म्हणजे उडणारी सात. प्रत्येक विमान दिवसाला पाच तास उडतं आणि महिन्यातले वीस दिवस हवामान साथ देतं. सात गुणिले पाच गुणिले वीस, म्हणजे महिन्याला ७०० तास. विद्यार्थी शंभर असले तर एकाच्या वाट्याला सात तास. दोनशे तास पूर्ण व्हायला अठ्ठावीस-एकोणतीस महिने. त्याच संस्थेत विद्यार्थी पन्नास असले तर काम चौदा-पंधरा महिन्यांत आटोपतं. फी तीच, विमानं तीच, शिक्षक तेच, आणि आयुष्यातलं एक अख्खं वर्ष इकडचं तिकडे.

म्हणून संस्था पाहायला जाल तेव्हा ऑफिसातल्या सोफ्यावर कमी बसा आणि विमानं ठेवतात त्या हँगरमध्ये जास्त उभे राहा. आज किती विमानं उडाली, किती शिक्षक पगारावर आहेत, किती मुलं रांगेत आहेत हे विचारा. मग संस्थेच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर, शेवटच्या टप्प्यातल्या मुलांना गाठा आणि एकच विचारा: "गेल्या महिन्यात किती तास उडालास?" दहा मुलांची उत्तरं मिळाली की माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही. डीजीसीएनेही २०२५ पासून या संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. ही यादी जरूर पाहा, पण टपरीवरची उत्तरं चुकवू नका.

हवामानाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर ढग इतके खाली येतात की शिकाऊ विमानाला जमिनीवरच राहावं लागतं. शिकाऊ उड्डाण डोळ्यांनी पाहून करायचं असतं, त्यासाठी काही किलोमीटर स्वच्छ दिसलंच पाहिजे. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं. प्रत्येक ठिकाणाचे असे वाया जाणारे महिने आहेत. शहाणा विद्यार्थी ते महिने लेखी पेपरांना देतो. सगळ्यांत चांगला क्रम मला हा वाटतो: आधी वैद्यकीय, मग घरी राहून किंवा एखाद्या क्लासला जाऊन लेखी पेपर, आणि बहुतेक पेपर सुटल्यावरच उड्डाणाचे पैसे भरणं. हवामानशास्त्र आणि हवाई मार्गदर्शन हे पेपर बारावीचं फिजिक्स पक्कं असलेल्याला जड नाहीत, पण घोकून सुटणारेही नाहीत. जो मुलगा हे पेपर घरी बसून सोडवू शकत नाही, त्याने पन्नास लाख गुंतवण्याआधी थांबून विचार करावा. ही परीक्षा स्वस्तात मिळालेली सूचना आहे.

आणि उड्डाणाच्या तासांची नोंद ठेवतात त्या लॉगबुकात एक तासही खोटा लिहू नका, कुणी लिहायला सांगितला तर ती संस्था सोडा. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स घेतलेले वैमानिक पकडले गेले होते. तेव्हापासून तपासणी कडक झाली आहे. पण तपासणीपेक्षा मोठी गोष्ट ही की न उडालेला तो तास एक दिवस दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांच्या जिवावर बेतू शकतो.

परदेशात जावं का?

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथे मुलं जातात ती मुख्यतः वेळ वाचवायला. तिथे विमानं भरपूर, सुटे भाग लगेच मिळतात, आणि काही राज्यांत हवामान वर्षभर मोकळं असतं. दोनशे तास एका वर्षाच्या आत होऊ शकतात. पण परत आल्यावर ते लायसन्स भारतीय लायसन्समध्ये बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी भारतातले पेपर, रेडिओची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, भारतीय परीक्षकासमोर उड्डाण चाचण्या, आणि परदेशी खात्याकडून लायसन्सची खातरजमा. तिकडे वाचवलेले सहा-आठ महिने इथे या कागदपत्रांत सहज जाऊ शकतात. जे भारतातले पेपर आधी सोडवून जातात त्यांचा फायदा खरोखर होतो. जे "आल्यावर बघू" म्हणतात त्यांचा होत नाही. जाताना भारतीय अटींची यादी खिशात ठेवा आणि तिकडच्या शिक्षकाला पहिल्या दिवशी दाखवा, म्हणजे रात्रीचे तास किंवा ती ३०० मैलांची सफर राहून जायची नाही.

अमेरिकेत शिकून तिथेच नोकरी मिळेल या आशेवर कुणी जाऊ नये. तिथे एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही २०१३ पासून सर्वसाधारणपणे १५०० तास लागतात, आणि विद्यार्थी व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे.

इथे एक खास गोव्याचा प्रश्न येतो, जो मुंबई-पुण्याच्या मुलांना पडत नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेता येतो, आणि अनेक घरांत तो विषय जेवणाच्या ताटावर असतो. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर युरोपीय संघात कुठेही काम करण्याचा हक्क मिळतो, त्यामुळे युरोपचं लायसन्स घेण्याला अर्थ येतो. तिथली लेखी परीक्षा भारतापेक्षा बरीच मोठी, तेरा विषयांची आणि ७५ टक्क्यांची. भारतीय सीपीएल तिथे जसंच्या तसं चालत नाही. उलट बाजूने पाहिलं तर दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं नागरिकत्व कायद्याने संपतं, आणि इथल्या कंपनीच्या जाहिरातीत भारतीय पासपोर्टच हवा की परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड चालतं, हे वाचून पाहावं लागतं. थोडक्यात, पासपोर्टचा निर्णय आधी घ्या आणि लायसन्सचा नंतर. भारतात सत्तर लाख घालून लायसन्स घ्यायचं आणि त्यानंतर लिस्बनची फाइल पुढे सरकवायची, यात दोन्हीकडचे पैसे आणि दोन्हीकडची वर्षं जातात.

कॅडेट कार्यक्रम

इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या कंपन्या स्वतः मुलं निवडतात, आपल्याशी जोडलेल्या संस्थेत पाठवतात आणि सगळं नीट पार पडलं तर को-पायलट म्हणून घेतात. एअर इंडियाने अमरावतीजवळ बेलोरा इथे स्वतःची प्रशिक्षण संस्था उभारण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. या मार्गाचा खर्च मोठा, बऱ्याचदा एक कोटीच्या आसपास किंवा वर. पण त्यात मोठ्या विमानाचं प्रशिक्षण धरलेलं असतं आणि वेळापत्रक बऱ्यापैकी पाळलं जातं. निवड आधी होते, हा याचा सगळ्यांत मोठा गुण. गणित, इंग्रजी, हात-डोळ्यांचा मेळ आणि मानसिक कल यांची चाचणी होऊन, तुम्ही या कामाला योग्य आहात का हे पैसे घालण्यापूर्वी कळतं.

घराला परवडत असेल तर मी हाच मार्ग सुचवतो. पण करारातला 'सशर्त' हा शब्द नीट वाचा. कंपनीला भरती पुढे ढकलायची झाली तर काय? उमेदवार मधल्या एखाद्या चाचणीत अडला तर किती पैसे परत? नोकरी किती वर्षं सोडता येणार नाही? कोविडच्या काळात कॅडेट मार्गाने गेलेल्यांनाही थांबावं लागलं. या मार्गात थांबण्याची शक्यता कमी आहे, शून्य नाही.

लायसन्स आणि कॉकपिट यांच्यामधला काळ

ज्यांनी स्वतंत्रपणे सीपीएल घेतलं त्यांच्यापुढे आता खरा लांबचा टप्पा असतो. आपण शिकलेलं विमान दोन-चार जणांचं. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चालवायला त्या त्या प्रकारचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. हातात कारचं लायसन्स आहे म्हणून कदंबची बस चालवायला कुणी देत नाही, तसंच हे. टाइप रेटिंगचा खर्च पंधरा ते पंचवीस लाख, आणि एका प्रकारचं रेटिंग दुसऱ्याला चालत नाही. मोपाला तळ असलेल्या फ्लाय नाइंटीवनकडे एटीआर विमानं आहेत. एअरबसचं रेटिंग घेऊन तिथे गेलात तर त्याचा उपयोग नाही.

इथे घाई नडते. कंपनीचं पत्र हातात नसताना, केवळ "रेटिंग असलं की लवकर लागतं" या बोलण्यावर, आणखी वीस लाख कर्ज काढू नका. अनेक कंपन्या निवड करून मग प्रशिक्षणाला पाठवतात. शिवाय रेटिंग घेऊन दीर्घकाळ विमानापासून दूर राहिलं की सराव जातो आणि पुन्हा सिम्युलेटरचे, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटचे, पैसे मोजावे लागतात.

नोकऱ्या आहेत का? आहेत, आणि पुढेही लागतील. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकाच वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० ची. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियमही बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, म्हणजे तेवढ्याच उड्डाणांना जास्त माणसं लागणार. पण याच क्षेत्रात २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. कंपनी बंद पडली की हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात येतात आणि दोनशे तासांचा नवा मुलगा रांगेत मागे जातो. हा काळ कधी सहा महिने असतो, कधी दोन-तीन वर्षं. तो तुमच्या हुशारीवर अवलंबून नसतो. म्हणून त्याची तरतूद आधीच करायला हवी.

या काळात करण्यासारखं चांगलं काम म्हणजे फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होणं. पगार एअरलाइनचा नसतो, पण तास वाढतात, हात चालू राहतो, आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं ज्ञान पक्कं होतं. पत्रद्वारे पदवी पूर्ण करणं हेही मी प्रत्येकाला सांगतो. पायलटला पदवीची सक्ती नाही. पण पुढे कधी वैद्यकीय कारणाने कॉकपिट सुटलं तर नुसत्या बारावीवर काय करणार?

कर्जाचा खरा भाव

साठ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची फेड असं धरा. महिन्याचा हप्ता ८२,६०० रुपयांच्या आसपास येतो. आणि पूर्ण रक्कम उचलल्यावर, नोकरी लागेपर्यंत, नुसतं व्याज महिन्याला ५५,००० रुपये चढत राहतं. विमान दुरुस्तीत अडकलं म्हणून गेलेला महिना, एका पेपरात ६८ टक्के पडले म्हणून पुढच्या सत्रापर्यंत गेलेले महिने, नोकरीच्या रांगेतलं वर्ष, या सगळ्यांची किंमत याच आकड्याने काढा. दहा लाखांनी स्वस्त असलेल्या संस्थेत दोन वर्षं जास्त लागली तर ती संस्था महाग पडली. बँकेच्या पुस्तकावर सरळ दिसतं ते.

एवढ्या कर्जाला तारण लागतं, आणि गोव्यात तारण म्हटलं की घर, भाट (माडांची बाग) किंवा कुळागर (पोफळींची बाग). इथे आपल्याकडची अडचण वेगळीच असते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव असतं, वारसांमधल्या वाटणीची कारवाई, म्हणजे इन्व्हेंटरी, कोर्टात झालेली नसते, आणि गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असल्याने काका-आत्यांच्या बरोबरीने त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. त्यांतला एक कुवेतला, एक लंडनला. वडील बोटीवर असतील तर अनिवासी म्हणून त्यांनी प्राप्तिकराची विवरणपत्रं भरलेली नसतात, आणि बँक नेमकी तीच मागते. ही कागदं जमवायला वर्ष लागू शकतं. मुलगी अकरावीत असतानाच वकिलाकडे जा. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेत हा अभ्यासक्रम बसतो का आणि मर्यादा किती, हेही त्याच वर्षी विचारून ठेवा. भरलेल्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळू शकते, पण ती पगार सुरू झाल्यावरची गोष्ट.

एकुलतं एक राहतं घर तारण ठेवून पायलट व्हावं का, असं मला कुणी विचारलं तर मी नको म्हणतो. मुलगा कितीही हुशार असला तरी. जप्तीची टांगती तलवार डोक्यावर घेऊन कुणाला नीट शिकता येत नाही.

ज्या रस्त्यावर फी नाही

अशा मुलामुलींना मी सैन्यदलांकडे पाहायला सांगतो. आपल्या डोळ्यांसमोर आयएनएस हंसा हा दाबोळीचा नौदलाचा तळ आहे, आणि तरी गोव्यातून एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला, बसणाऱ्यांची संख्या मला नेहमी कमी वाटते. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. मुलींना ही परीक्षा २०२१ पासून खुली झाली आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. बदल्यात सेवेची बरीच वर्षं द्यायची असतात, आणि ती मनापासून द्यायची तयारी असेल तरच तिकडे जावं. एअरलाइनमध्ये जाण्याचा फुकटचा जिना म्हणून गेलेली मुलं मुलाखतीतच ओळखू येतात. डोळ्यांचे निकष नागरी पायलटपेक्षा कडक आहेत.

एक गोष्ट पालकांना माहीत नसते. वैमानिकाच्या कलाची जी संगणकीय चाचणी निवड मंडळात होते, ती आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झालं की सैन्यदलातली उड्डाणाची शाखा कायमची बंद. म्हणून "सहज बसून बघ" म्हणून मुलाला पाठवू नका, पूर्ण तयारीने पाठवा. एनडीए हुकलं तर पदवीनंतर हवाई दलाची एएफसीएटी परीक्षा आहे. उड्डाण शाखेसाठी तिची वयोमर्यादा २० ते २४, आणि ज्याच्याकडे डीजीसीएचं सीपीएल आहे त्याला २६ पर्यंत. सीपीएल मात्र तिशीतही घेता येतं. त्यामुळे ज्या घरात दोन्ही रस्ते मनात आहेत, तिथे एनडीएचा अर्ज आधी भरा आणि बँकेत नंतर जा.